लव्हेंडर : पेटीतले आणि कुपीतले

परदेशातून येऊन आपल्या घरांत स्थिरावलेल्या सुगंधांमध्ये लव्हेंडरइतका सर्वपरिचित आणि त्याच वेळी लव्हेंडरइतका अपरिचित असा दुसरा सुगंध क्वचितच सापडेल. कारण पावडरीच्या डब्यावर, साबणाच्या वेष्टनावर, फरशी पुसण्याच्या बाटलीवर आणि उदबत्तीच्या पुड्यावर ज्याचे जांभळे चित्र आपण नित्य पाहतो, त्या वनस्पतीचे जिवंत झुडूप आपल्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिलेले नसते, आणि या जिनसांत भरलेला वासही बहुधा त्या झुडपापासून काढलेला नसून रसायनशाळेत तयार झालेल्या द्रव्यांच्या मिश्रणातून जुळविलेला असतो. मागील प्रकरणांत वाळा, केवडा आणि मरवा यांचा विचार केला, तेव्हा त्यांची ओळख करून देण्याचे प्रयोजनच नव्हते. लव्हेंडरची गोष्ट निराळी आहे. त्याच्या नावावर आजकाल निद्रानाशापासून भाजल्याच्या जखमेपर्यंत इतक्या व्याधींचा परिहार जमा केला जातो, की त्याच्या गुणांचा जमाखर्च एकदा नीट मांडणे अगत्याचे झाले आहे. हा जमाखर्च मांडताना माझे जे मत झाले ते आरंभीच सांगून टाकतो : लव्हेंडरचा खरा अंमल वस्त्रांवर चालतो, औषधाच्या फडताळात त्याला जी मनसब मिळाली आहे, ती बव्हंशी फाजील शिफारशींच्या जोरावर.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर हा परका पाहुणा आपल्या अंगणातील तुळशीचाच भाऊबंद आहे. तुळस, सब्जा, मरवा, पुदिना आणि पाच ज्या कुलात मोडतात त्याच कुलात लव्हेंडरही मोडते. चौकोनी दांडा, समोरासमोर येणारी पाने आणि बोटांनी चुरडताच दरवळणारा वास ही या घराण्याची लक्षणे त्यातही ठळक दिसतात. मात्र तुळशीत सुगंधाचा साठा मुख्यत्वे पानांत असतो, तर लव्हेंडरमध्ये तो फुलाच्या जांभळ्या पाकळ्यांत नसून पाकळ्यांना खालून धरणाऱ्या करड्या-निळ्या पुष्पकोशावरील सूक्ष्म ग्रंथींत साठलेला असतो. घरगुती उपयोगाच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे. पाकळी वाळून झडून गेली तरी कोश टिकतो, कोशाबरोबर ग्रंथी टिकतात आणि ग्रंथींत तेल टिकते. म्हणून वाळलेले लव्हेंडर महिनोन्‌महिने ठेवता येते, आणि वास मंदावला असे वाटताच पुरचुंडी मुठीत धरून दोनदा चुरली की काही न फुटलेल्या ग्रंथी फुटून वास पुन्हा जागा होतो. मोगऱ्याच्या फुलाला ही सोय नाही; तो संध्याकाळी जे काही द्यायचे ते देऊन मोकळा होतो.

लव्हेंडर हे एकच झाड आहे, अशी जी सर्वसाधारण समजूत असते तिच्यामुळे बाजारात पुष्कळ फसगत होते. फ्रान्सच्या आग्नेय भागात, प्रोव्हान्स प्रांतातील डोंगरउतारांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटरांच्या वर आपोआप वाढणारे जे बुटके झुडूप ते अस्सल लव्हेंडर; लॅव्हॅन्ड्युला अँगुस्टिफोलिया हे त्याचे शास्त्रीय नाव. त्याच्या खालच्या, उबदार टापूत वाढणारी, रुंद पानांची आणि कापराच्या उग्र वासाची दुसरी जात आहे. या दोहोंच्या सीमेवर मधमाश्यांनी घडवून आणलेल्या संकरातून जे तिसरे झुडूप निपजले त्याला लॅव्हॅन्डिन म्हणतात. हा संकर वांझ असल्यामुळे त्याचे बी धरत नाही, त्याची लागवड फाट्यांवरूनच करावी लागते. पण तो जोमाने वाढतो, दांडे लांब धरतो आणि तेलही मुबलक देतो. एक किलो तेल मिळविण्यासाठी अस्सल लव्हेंडरची शंभराहून अधिक किलो ताजी फुले भट्टीत घालावी लागतात, तेथे लॅव्हॅन्डिनची चाळीस-पन्नास किलो पुरतात. तेव्हा छायाचित्रांतून आपण जी क्षितिजापर्यंत पसरलेली जांभळी शेते पाहतो, त्यांतील बरीचशी लॅव्हॅन्डिनची असतात, यात नवल नाही. उंचावरील अस्सल लव्हेंडरच्या तेलाला फ्रेंच सरकारने 1981 मध्ये त्या प्रदेशाच्या नावाची स्वतंत्र सनद दिली, ती याच गोंधळावर उपाय म्हणून. शहाण्या ग्राहकाने कुपी हाती घेतली की पुढच्या बाजूचे चित्र न पाहता मागच्या बाजूचे बारीक अक्षरांतील शास्त्रीय नाव वाचावे. अस्सल तेलात कापराचा अंश जेमतेम एक टक्क्याच्या आत असतो. लॅव्हॅन्डिनच्या प्रचलित जातीत तो सहा ते आठ टक्क्यांपर्यंत जातो. उशाशी ठेवायचे असेल तर पहिले घ्यावे. लोकरीच्या पेटीत ठेवायचे असेल तर दुसरे केवळ स्वस्त म्हणून नव्हे, तर अधिक उग्र म्हणूनही सरस ठरते.

तेल काढण्याची कृती कनौजच्या अत्तरवाल्याला नवी वाटणार नाही. फुले दांड्यांसकट पात्रात दाबून भरतात, खालून वाफ सोडतात, वाफेबरोबर वर आलेले तेल थंड नळीतून जाताना पुन्हा द्रवरूप होते आणि पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वर तरंगते. ते निथळून घेतले की खाली जे पाणी उरते तेही गुलाबपाण्याप्रमाणे सुवासिक असते. अस्सल लव्हेंडरच्या मृदू गोडव्याचे श्रेय लिनॅलिल ॲसिटेट या द्रव्याला द्यावे लागते, आणि हे द्रव्य उकळत्या पाण्यात फार वेळ राहिले तर फुटून त्यातून सिरक्याचे आम्ल सुटते. म्हणून फुले पाण्यात बुडवून उकळण्याची जुनी रीत मागे पडून बाहेरून वाफ सोडण्याची रीत रूढ झाली. घरी कुकरला नळी जोडून तेल काढण्याची हौस कोणाला वाटत असेल, तर हाती थेंबभर तेल आणि तांब्याभर पाणी येईल एवढे ध्यानात ठेवून ती भागवावी.

आता वस्त्रांकडे वळू. युरोपात धुतलेली चादर लव्हेंडरच्या झुडपांवर वाळत घालण्याची आणि घडी करून ठेवताना तिच्यात वाळलेल्या काड्या घालण्याची चाल फार जुनी आहे. आयझॅक वॉल्टन या इंग्रज लेखकाने 1653 मध्ये मासेमारीवर जो सुप्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील प्रवासी मुक्कामाची खाणावळ पसंत करताना तिथल्या चादरींना येणाऱ्या लव्हेंडरच्या वासाचा आवर्जून उल्लेख करतात. म्हणजे तो वास स्वच्छतेची ग्वाही म्हणून तेव्हाच मान्य झालेला होता. पुढे लंडनच्या दक्षिणेस मिचम या गावाभोवती अठराव्या शतकात लव्हेंडरची मोठी शेती उभी राहिली, आणि शहर वाढत वाढत त्या शेतांवर चालून येईपर्यंत लंडनच्या रस्त्यांवरून त्याच्या जुड्या गात गात विकल्या जात. इंग्रजी साहेबाच्या सामानातून, आणि त्यानंतर पावडर, साबण, ब्रिलियंटाइन यांच्या डब्यांतून, मुंबई-पुण्याच्या घरांत जो वास आला तो या परंपरेतला.

प्रोव्हान्समधील बायका वस्त्रांसाठी एक वस्तू करतात, तिचे वर्णन येथे सविस्तर देतो, कारण या वनस्पतीचा स्वभाव तिच्यात नेमका ओळखलेला आहे. उन्हाळ्यात फुले अर्धवट उमलली असताना लांब दांड्यांची ताजी फुले खुडून आणतात. दांडे वाळलेले असले की वाकवताना मोडतात, म्हणून हे काम त्याच दिवशी उरकावे लागते. एकवीस किंवा तेवीस अशा विषम संख्येने दांडे घेऊन, फुलांच्या अगदी खाली फितीने घट्ट बांधतात आणि जुडी उलटी धरून एकेक दांडा हलकेच मागे मोडून फुलांवरून खाली आणतात, त्यामुळे फुलांभोवती दांड्यांचा एक पिंजरा तयार होतो. मग फीत एका दांड्यावरून, दुसऱ्याखालून, तिसऱ्यावरून, पुन्हा चौथ्याखालून अशी गोल गोल विणीत आणतात. संख्या विषम ठेवण्याचे कारण इथे उलगडते : सम संख्या असती तर दुसऱ्या फेरीत फीत पुन्हा त्याच दांड्यांवरून गेली असती आणि वीण जमलीच नसती. फुले संपतात तेथे फीत आवळून गाठ मारली, की हातात चातीच्या आकाराची एक वस्तू येते. फुलांचा चुरा आत कोंडलेला राहतो, कपड्यांवर सांडत नाही. वास मात्र विणीतून बाहेर येत राहतो. आपल्याकडे ताजे दांडे मिळण्याचा योग नसल्याने जुन्या धोतराच्या किंवा मलमलीच्या तुकड्यात मूठभर वाळलेली फुले बांधून केलेली पुरचुंडी हाच मार्ग मोकळा आहे, आणि तो काही कमी प्रतीचा नाही.

या पुरचुंडीने कसर पळते काय, हा प्रश्न गृहिणी रास्तपणे विचारतात. येथे दोन शत्रूंमध्ये भेद केला पाहिजे. शाली, स्वेटर, घोंगड्या यांना भोके पाडणारी ती एका लहानशा पतंगाची अळी. तिला लोकर आणि रेशीम यांतील प्रथिन पचते, आणि घामाचा किंवा अन्नाचा डाग असलेली लोकर तिला विशेष प्रिय असते. दुसरा शत्रू म्हणजे चंदेरी अंगाची, पळण्यात चपळ अशी कसर. ती कांजी, खळ आणि पुस्तकांच्या बांधणीतील डिंक यांवर उपजीविका करते. लव्हेंडरचा वास अंडी घालावयास आलेल्या पतंगाच्या मादीला नापसंत पडतो, इतपत त्याची कामगिरी खरी आहे. पण पेटीत अगोदरच घातलेली अंडी आणि निघालेल्या अळ्या यांच्यावर पुरचुंडीचा हुकूम चालत नाही. म्हणून कपडा धुऊन, डाग काढून, पावसाळा सरल्यावर आश्विनाच्या उन्हात उलटसुलट झटकून, मगच पेटीत ठेवावयाचा, हा आपल्या आज्या-पणज्यांचा दस्तुर लव्हेंडरने रद्द होत नाही. त्या वेखंडाचे तुकडे, कडुलिंबाची वाळलेली पाने किंवा लवंगा घालीत. त्याच रांगेत लव्हेंडर बसते, त्यांच्या वर नव्हे. डांबरगोळ्यांच्या तुलनेत मात्र ते निःसंशय श्रेष्ठ आहे, कारण पेटीतून काढलेली शाल खांद्यावर घेतली की शेजाऱ्याने नाक मुरडण्याचा प्रसंग त्यात येत नाही.

पुरचुंडी वर्षाने निस्तेज झाली की फुले टाकून देण्याची घाई करू नये. तिच्यावर तेलाचे चार-पाच थेंब टाकून, ती दिवसभर झाकणाच्या काचेच्या बरणीत मुरू दिली म्हणजे ती पुन्हा कामावर रुजू होते. तेल थेट पैठणीवर किंवा जरीवर कधीही पडू देऊ नये. त्याचा डाग पडू शकतो. शिवाय ते लाकडावरील रोगण विरघळविते आणि काही जातींचे प्लास्टिक मऊ करते, याकरिता त्याच्या कामाला काच किंवा चिनी मातीच वापरावी. इस्त्री करताना कपड्यावर शिंपडावयाच्या पाण्यात भट्टीतून निघालेले सुवासिक पाणी मिसळण्याची फ्रेंच चाल अनुकरणीय आहे. ते न मिळाल्यास साध्या पाण्यात तेलाचे थेंब टाकून भागेल असे मात्र कोणी समजू नये, कारण तेल पाण्यात मिसळत नाही. ते वर तरंगेल, आणि एका अभ्र्यावर सारे थेंब पडून बाकीचे कोरडे राहतील.

वस्त्रांचे प्रकरण येथे संपते आणि वादाचे प्रकरण सुरू होते. लव्हेंडरच्या औषधी कीर्तीचा आधुनिक आरंभ ल्यों शहरातील रसायनतज्ज्ञ रने-मोरिस गात्फोसे याच्यापासून मानतात. 1910 साली त्याच्या प्रयोगशाळेत स्फोट झाला, तो भाजला, आणि पेटलेला हात त्याने जवळच्या लव्हेंडरच्या तेलाच्या पिंपात बुडविला तो लागलीच बरा झाला, अशी आख्यायिका या विषयावरील असंख्य पुस्तकांतून आढळते. त्याने स्वतः 1937 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील हकिकत निराळी आहे : अंगावरील आग त्याने हिरवळीवर लोळून विझविली, नंतर हातांच्या जखमा चिघळून सडू लागल्या आणि तेव्हा लव्हेंडरच्या तेलाने त्या धुतल्यावर सडणे थांबले. प्रतिजैविक औषधे नसलेल्या काळात जंतुनाशक म्हणून तेलाने केलेले हे काम उल्लेखनीय आहे. परंतु त्यावरून आज फोडणीने भाजलेल्या बोटावर तेल ओतण्याची शिफारस निघत नाही. भाजलेला भाग निदान 20 मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा, आणि तेलाची कुपी फडताळातच राहू द्यावी.

आपल्याकडे तापाच्या माणसाच्या कपाळावर कोलनवॉटरच्या पट्ट्या ठेवण्याची पद्धत होती, ती याच पोटातली. 1709 मध्ये कोलोन शहरात योहान मारिया फरिना या इटालियन गंध्याने ज्याचा व्यापार सुरू केला त्या पाण्याच्या नाना पाठांत लिंबू-संत्र्यांच्या तेलांबरोबर लव्हेंडरही आढळते. पट्टीने जो गारवा येतो तो मद्यार्क उडून जाताना कातडीची उष्णता ओढून नेतो म्हणून. सुगंधाने रुग्णाचे मन प्रसन्न होते, हा लाभ वेगळा, आणि तो क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. युनानी वैद्यकात तर लव्हेंडरच्या एका भूमध्यसागरी जातीला उस्तुखुद्दूस या नावाने फार पूर्वीपासून मान आहे. ‘मेंदूचा झाडू’ अशी तिची ख्याती असून, आपल्या हिरडा, बेहडा, आवळा या त्रयीबरोबर ती खलून केलेले इत्रीफल हकीम मस्तकविकारांवर देत आले आहेत. लव्हेंडर आणि त्रिफळा एका खलात गाठ पडलेले पाहून मला तरी मौज वाटते.

निद्रेविषयीचा दावा सर्वांत लोकप्रिय आणि तपासावयास सर्वांत अवघड. औषधाची परीक्षा घेताना रुग्णाला खरी गोळी दिली की खोटी हे त्याला कळू न देण्याची तजवीज करतात. लव्हेंडरचा वास आला की कोणते औषध मिळाले हे नाकच सांगून टाकते, आणि ‘याने झोप येते’ हे ऐकून असलेला मनुष्य अर्धा झोपेच्या तयारीत असतो. तरीही सर्व परिणाम केवळ समजुतीचा आहे असे म्हणवत नाही. जपानमधील कागोशिमा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लव्हेंडरच्या तेलातील लिनॅलूल या द्रव्याच्या वासाने उंदरांचे भय कमी झालेले दिसले, ज्या उंदरांची घ्राणशक्ती नष्ट केली होती त्यांच्यावर परिणाम झाला नाही, आणि उंदरांनी लव्हेंडरची पुस्तके वाचलेली नसतात. जर्मनीत लव्हेंडरच्या तेलाची 80 मिलिग्रॅमची प्रमाणित कॅप्सूल चिंताग्रस्त अस्वस्थतेवर रीतसर मान्यताप्राप्त औषध आहे. परंतु ठरावीक प्रतीचे, ठरावीक मापाचे ते औषध आणि बाजारातील सुगंधी कुपी यांत जे अंतर आहे ते ओलांडून कोणी कुपीतले थेंब पोटात घेऊ नयेत. उशीजवळ हातरुमालावर एक-दोन थेंब, खिडकी थोडी उघडी, एवढा प्रयोग निरुपद्रवी आहे. ज्याला त्या वासाने डोके दुखते, आणि अशी माणसे असतात, त्याने आपल्या मोगऱ्यावर समाधान मानावे.

तेल निर्भेळ स्थितीत अंगाला लावणे हा सर्रास होणारा प्रमाद आहे. 30 मिलिलिटर खोबरेल तेलात सहा थेंब घातले की सुमारे एक टक्क्याचे मिश्रण होते, आणि मोठ्या माणसाच्या मालिशीस ते पुरे. प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. स्नानाच्या बादलीत थेंब तसेच टाकू नयेत, ते तरंगत राहून अंगाला जसेच्या तसे चिकटतात. 2007 मध्ये अमेरिकेत लव्हेंडर व टी-ट्री यांची तेले असलेली प्रसाधने वापरणाऱ्या तीन लहान मुलांच्या छातीची वाढ झाल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे त्या निष्कर्षाला पुष्कळांनी हरकत घेतली, वाद पुरता मिटलेला नाही, आणि वाद मिटेपर्यंत बाळाच्या मालिशीला साधे खोबरेल किंवा तिळाचे तेल काय वाईट आहे? घरात मांजर असेल तर आणखी जपावे : अशा तेलांतील कित्येक द्रव्यांचा निचरा करण्याची जी शक्ती मनुष्याच्या यकृतात असते ती मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते, आणि मांजर अंगावर पडलेले सर्व काही चाटून पोटात घेते.

शुद्धतेची घरगुती परीक्षा म्हणून टिपकागदावर थेंब टाकून तो दिवसभर ठेवावा. तेलकट डाग राहिला तर त्यात एखाद्या न उडणाऱ्या तेलाची भेसळ आहे. डाग राहिला नाही म्हणून तेल अस्सल ठरले असे मात्र नाही, कारण कृत्रिम लिनॅलूलही असेच उडून जाते; तेथे विक्रेत्याच्या सचोटीवरच भिस्त ठेवावी लागते. यासाठी आता फ्रान्सपर्यंत नजर टाकण्याची गरज उरलेली नाही. जम्मू येथील भारतीय समवेत औषध संस्थेने दिलेल्या रोपांवर दोडा जिल्ह्यातील भद्रवाह भागात पुष्कळ शेतकऱ्यांनी मका सोडून लव्हेंडर धरले आहे. एकदा लावलेले झुडूप वर्षानुवर्षे उत्पन्न देते, पाणी बेताचे मागते, आणि जून-जुलैत तेथील उतार जांभळे होतात. ते पाहून आपल्या गच्चीवर कुंडी लावण्याची इच्छा कोणाला झाली, तर हवेपेक्षा पावसाचा विचार आधी करावा. महाबळेश्वरची थंडी या झुडपाला मानवेल, तिथला पाऊस मानवणार नाही. ओल्या मातीत मुळे कुजून ते दगावते. मातीची कुंडी, निम्मा मुरूम आणि जाड वाळू, भरपूर ऊन, जूनपासून वळचणीचा आसरा, आणि अस्सल जातीऐवजी दंतुर पानांची उष्णता सोसणारी जात, इतकी तजवीज केल्यास दख्खनच्या पठारावर ते तग धरते. त्यापासून तेल निघणार नाही, दोन पुरचुंड्या निघतील.

राहता राहिली कुपी. लिनॅलूल हवेच्या संपर्काने हळूहळू बदलते, आणि बदललेल्या द्रव्यांची त्वचेला ॲलर्जी होण्याचे प्रमाण मूळ द्रव्यापेक्षा पुष्कळ अधिक असते, हे स्वीडनमधील संशोधनाने दाखविले आहे. म्हणून कुपी लहान आणि गडद काचेची घ्यावी, बूच घट्ट लावावे, ती चुलीपासून दूर थंड जागी ठेवावी आणि उघडल्याची तारीख तिच्यावर चिकटवून ठेवावी. वर्ष-दीड वर्षाने अर्धी कुपी शिल्लक असेल तर ती अंगाला किंवा उशीला लावू नये. जुन्या फडक्यावर ते तेल घेऊन, हात फार न माखता, केराच्या डब्याचे बूड पुसून काढावे.